आईला सांगू नका : एका विनंतीचा मागोवा

नागपूरच्या कोणत्याही कॅन्सर ओपीडीत सकाळी दहाच्या सुमारास भंडाऱ्याकडची माणसे ओळखू येतात. पवनी, लाखांदूर, तुमसर, साकोली. पहाटेची एसटी धरून आलेली. हातात प्लास्टिकची पिशवी. तिच्यात सोनोग्राफी, तुकड्याच्या तपासणीचा रिपोर्ट, रेशनकार्डाची झेरॉक्स. पुकारा बाईच्या नावाचा होतो आणि आत जातो मुलगा, नाहीतर जावई, नाहीतर भाऊ. बाई बाहेर बाकड्यावर. आत गेलेला माणूस दार लोटतो आणि खुर्चीत टेकण्याआधीच हळू आवाजात म्हणतो, ‘‘डॉक्टर, आईला सांगू नका.’’ पुष्कळदा त्याला जोड असते : ‘‘साधी गाठ आहे म्हणा. नाहीतर ती धसकाच घेईल.’’

या विनंतीत माया आहे, यात शंका नाही. पण स्तन आईचा, गाठ आईची, सुरी तिच्यावर चालायची, केस तिचे गळायचे, आणि बातमी तेवढी तिला सोडून सगळ्यांना. ही व्यवस्था आली कुठून? ‘आपल्याकडे असंच असतं, आपली संस्कृतीच तशी’ हे उत्तर डॉक्टरही देतात आणि नातेवाईकही. मला ते अर्धेच पटते. या विनंतीची वंशावळ काढत गेले की मध्येच मँचेस्टर लागते, फिलाडेल्फिया लागते आणि दिल्लीच्या राजपत्रातली एक अधिसूचनाही लागते.

मुळात लपवाछपवी इथे दुहेरी आहे. घरचे बाईपासून लपवतात ते नंतर. त्याआधी कित्येक महिने बाई घरच्यांपासून गाठ लपवत असते. या पहिल्या लपवण्याची सर्वांत जुनी नोंद हिरोडोटसच्या इतिहासात सापडते, म्हणजे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात. इराणचा सम्राट दरायस याची राणी अतोसा हिच्या स्तनावर गाठ आली. लहान होती तोवर तिने लाजेपोटी कोणालाच सांगितले नाही. फुटून पसरू लागली तेव्हा दरबारात अडकून पडलेल्या डेमोसिडीस या ग्रीक वैद्याला बोलावले. वैद्याने बरे करण्याचे कबूल केले, पण आधी शपथ घ्यायला लावली : मी मागेन ते द्यायचे, मात्र लज्जास्पद असे काही मागणार नाही. त्याला मायदेशी परतायचे होते, आणि राणीच्या शब्दावर त्याने ते पुढे साधलेही. ती गाठ कर्करोगाची होती की साधे गळू, हे आज ठरवता येणार नाही. पण स्तनातल्या गाठीबद्दल बाई आणि वैद्य यांच्यात झालेले हे जगातले पहिले नोंदलेले बोलणे असेल, तर त्याची सुरुवात लाजेने झाली आणि शेवट सौद्यात. लाज तेव्हापासून टिकून आहे. आमच्याकडे ती फक्त वेगळ्या शब्दांत बोलते : ‘‘दुखत नाई त दाखवू कायले?’’ किंवा आषाढात, ‘‘रोवना झाला का मंग जाऊ.’’ रोवणीनंतर निंदण येते, मग सण, मग धानाची कापणी आणि मळणी. दुखत नाही ही गोष्ट या आजारात दिलासा देणारी नसते, हे बाईला कोणी सांगितलेले नसते.

आता आपल्याकडचे. चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. रोग्याच्या अंगी चार गुण हवेत, त्यात आठवण, सांगितलेले पाळणे आणि निर्भयता यांच्या बरोबरीने आपला रोग नीट सांगता येणे हाही एक गुण धरला आहे. परीक्षा करायची ती बघून, स्पर्शून आणि प्रश्न विचारून. सुश्रुताने अर्बुदाचे वर्णन केले आहे : गोल, स्थिर, खोल मूळ धरलेले, हळूहळू वाढणारे, फारसे न दुखणारे आणि न पिकणारे. इतके बारकाईने पाहणाऱ्या परंपरेने रोग्याला बोलायला लावले. उलट बाजूने काय सांगायचे? चरकाच्या विमानस्थानात शिष्याला घ्यायला लावलेली शपथ आहे. तिच्यात म्हटले आहे की रोग्याचे आयुष्य संपत आल्याचे कळले तरी जिथे ते ऐकून रोग्याला किंवा दुसऱ्या कोणाला धक्का बसेल तिथे ते बोलू नये. त्याच शपथेत असेही आहे की नवरा किंवा पालक जवळ नसताना स्त्रीवर उपचार करू नयेत.

म्हणजे संस्कृतीचा दावा अगदीच पोकळ नाही. पण एक फरक डोळ्यांआड करून चालत नाही. चरक बोलतो आहे तो मरण दारात आलेल्या रोग्याबद्दल, आणि तिथेही त्याने अट घातली आहे. लवकर सापडलेला स्तनाचा कर्करोग उपचारांनी आटोक्यात येतो, पुष्कळ बायका त्यानंतर वर्षानुवर्षे जगतात. अशा बाईला तिच्या रोगाचे नावही सांगू नये, असे चरकाच्या त्या वाक्यातून काढता येत नाही.

तिकडे युरोपात काय होते? १८११ च्या ३० सप्टेंबरला पॅरिसमध्ये फॅनी बर्नी या इंग्रज कादंबरीकार बाईचा स्तन कापला गेला. नेपोलियनच्या सैन्याचा नामांकित सर्जन लॅरे याने, तिच्या घरी, भुलीच्या औषधाशिवाय. तेव्हा युरोपात भूल नव्हतीच. जपानमध्ये मात्र हानाओका सेइशू या वैद्याने सात वर्षे आधी, १८०४ मध्ये, वनस्पतींच्या काढ्याने भूल देऊन स्तनाचा कर्करोग काढला होता. पण जपान तेव्हा जगाला बंद होता. बर्नीला शस्त्रक्रियेचा दिवस आधी कळवलेला नव्हता; काही तास आधी निरोप आला. काळ्या कपड्यातले सात पुरुष घरात शिरले तेव्हा त्यांच्याशी तिनेच बोलणी केली. नवऱ्याला मात्र तिने मुद्दाम बाहेर ठेवले होते, त्याला ते बघवले नसते म्हणून. लपवण्याची दिशा इथे उलटी आहे. पुढे काही महिन्यांनी तिने बहिणीला लांबलचक पत्र लिहून सगळे सांगितले. रोग्याच्या बाजूने लिहिलेले असे वर्णन त्या काळात दुसरे शोधायला गेले तर मिळणे कठीण. बर्नी १८४० पर्यंत जगली.

पण डॉक्टरांची रीत बर्नीने ठरवली नाही. ती मँचेस्टरच्या थॉमस पर्सिव्हल या डॉक्टराने ठरवली. १८०३ मध्ये त्याने वैद्यकीय नीतीचे पुस्तक छापले. फिलाडेल्फियात १८४७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशन स्थापन झाली आणि तिने आपल्या नियमावलीत पर्सिव्हलचा मजकूर जवळजवळ तसाच उचलला : डॉक्टराने निराशाजनक भाकिते करत सुटू नये, धोका असेल तर रोग्याच्या आप्तांना वेळेवर सूचना द्यावी, आणि अगदीच गरज पडली तर रोग्यालाही. त्या ‘तर रोग्यालाही’मध्ये आपली विनंती पुरेपूर भरलेली आहे. आधी आप्त, मग जमले तर रोगी. हा क्रम भंडाऱ्यातला नाही, गंगथडीचा नाही, एकोणिसाव्या शतकातल्या सभ्य गृहस्थांचा आहे.

आणि तो इथवर पोचला. भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची आचारसंहिता आजही डॉक्टरांना लागू आहे. तिच्या कलम २.३ मध्ये म्हटले आहे की डॉक्टराने आजाराचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. इथवर ठीक. पुढे म्हटले आहे की रुग्ण, त्याचे नातेवाईक किंवा त्याचे जबाबदार मित्र यांना रुग्णाच्या आणि कुटुंबाच्या हिताइतकी माहिती असल्याची खात्री डॉक्टराने करून घ्यावी. हा ‘किंवा’ फार मोठा आहे. मुलाला सांगितले की नियम पाळला गेला. दार लोटून केलेली विनंती मान्य करणारा डॉक्टर नियमभंग करत नसतो, तो दोनशे वर्षांपूर्वीचा इंग्रजी शिष्टाचार पाळत असतो, आणि त्याला आपण संस्कृती म्हणतो.

मध्ये एक प्रकरण स्पर्शाचे येते, ते थोडक्यात सांगतो. स्तन दाखवायचा म्हणजे कोणाला? पन्नाच्या महाराणीवर उपचार करणाऱ्या एलिझाबेथ बीलबी या बाई १८८१ मध्ये विलायतेला निघाल्या तेव्हा महाराणीने त्यांच्याबरोबर थेट व्हिक्टोरिया राणीला निरोप धाडला : इथल्या बायका आजारात तळमळतात, त्यांच्यासाठी बाई डॉक्टर हव्यात. त्यातून १८८५ मध्ये डफरिन फंड उभा राहिला. १८८३ च्या फेब्रुवारीत आनंदीबाई जोशी सेरामपूरच्या सभेत, आपण अमेरिकेला का जाते आहे, हे सांगत होत्या आणि त्यांचेही मुख्य कारण तेच होते. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, १८८७ मध्ये गेल्या. बाई डॉक्टर पुढे आल्या, पण बव्हंशी बाळंतपणाच्या खोलीत. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी आणि कर्करोगाच्या वॉर्डात त्या येईपर्यंत पुढचे शतक अर्धे सरले. आजही गावाकडची बाई गाठ दाखवते ती आधी बाळंतपण केलेल्या नर्सबाईला. तिच्याशी बोलण्याची ओळख झालेली असते.

आता या इतिहासातला सगळ्यात मूक काळ. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधला सर्जन विल्यम हॉल्स्टेड याने १८९४ मध्ये आपली मोठी शस्त्रक्रिया छापून मांडली : संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळे एका तुकड्यात. पुढे सत्तर-ऐंशी वर्षे जगभर हाच उपचार. याच काळात एक पद्धत रूढ झाली. बाईला टेबलावर भूल द्यायची, गाठीचा तुकडा काढायचा, तो गोठवून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, आणि कर्करोग निघाला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकायचा. सही आधीच घेतलेली. बाई झोपताना तिला माहीत नसे की उठल्यावर स्तन असेल की नसेल. उठून हात छातीकडे नेल्यावर तिला निदान कळे. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातले बोलणे याहून लहान करता आले नसते.

शिकागोच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांना डोनाल्ड ओकेन याने विचारले, तुम्ही रुग्णाला कर्करोग झाल्याचे सांगता का? १९६१ मध्ये छापलेल्या त्या पाहणीत सुमारे ९० टक्क्यांनी न सांगण्याकडे कल दाखवला. हे अमेरिकेत, आजपासून फार मागे नाही. कारणे विचारली तर तीच : धसका घेईल, आशा सोडेल. म्हणजे आज भंडाऱ्यातला मुलगा जे म्हणतो ते १९६१ मध्ये शिकागोतला डॉक्टर म्हणत होता. १९७९ मध्ये दुसऱ्या गटाने तोच प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूने होते. अठरा वर्षांत अमेरिकन डॉक्टरांची संस्कृती बदलली का? संस्कृती इतकी घाईत नसते.

बदलले ते दुसरेच काही. रोज कुशनर ही मेरीलँडची पत्रकार. १९७४ मध्ये तिला गाठ लागली. तुकडा आधी तपासा, मला शुद्धीवर आणा, मग काय करायचे ते मी ठरवते, एवढेच तिचे म्हणणे. ते मान्य करणारा सर्जन शोधताना तिची दमछाक झाली. मग तिने पुस्तक लिहिले, भांडली, आणि १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञ समितीत जाऊन बसली. त्या समितीने हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया सरसकट नको म्हटले आणि तपासणी व शस्त्रक्रिया या दोन वेगळ्या पायऱ्या करा असे सुचवले. त्याच सुमारास या रोगावर टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या आल्या. मिलानमध्ये वेरोनेसी यांनी १९८१ मध्ये आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की लवकर सापडलेल्या रोगात फक्त गाठ काढून किरणोपचार दिले तरी बायका तितक्याच जगतात.

माझ्या मते खरी कलाटणी इथे आहे. जोवर उपचार एकच होता तोवर बोलण्यासारखे काही नव्हते. सर्जन ठरवी, बाई झोपे. दोन रस्ते निघाले आणि कोणता घ्यायचा हे बाईला विचारणे भाग पडले. ज्या रोगाचे नावच सांगितलेले नाही त्यातला पर्याय निवडायला तिला कसे लावणार? डॉक्टरांचे मौन भूतदयेने सुटले नाही की नीतिशास्त्राच्या पुस्तकांनी सुटले नाही. बोलायला विषय आला, म्हणून ते सुटले.

आमच्या भागात हा विषय पोचायला वेळ लागला, कारण आधी दवाखानाच पोचायचा होता. मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला उघडले. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून मुंबईची गाडी मिळते, पण नागपूरपासून पुढेच आठशे किलोमीटरच्या वर. नागपूरचे मेडिकल कॉलेज १९४७ चे. भंडाऱ्याची बाई त्या काळात मुंबईला गेली असेल तर ती मालगुजाराच्या नाहीतर पितळेच्या व्यापाऱ्याच्या घरची. बाकीच्यांसाठी गाठ हे घरातच संपणारे दुखणे होते.

११ ऑक्टोबर १९६८ ला राष्ट्रसंत तुकडोजी महाराज गेले, कर्करोगाने. खंजिरीवर भजन करत विदर्भातले गाव न् गाव पालथे घातलेला माणूस. पुढे नागपुरात कॅन्सर रिलीफ सोसायटीने जे रुग्णालय उभे केले त्याला त्यांचेच नाव मिळाले. विदर्भात आता ‘तुकडोजीत नेलं’ एवढे म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. म्हणूनच ‘आईला सांगू नका’ म्हणणाऱ्या मुलाची पहिली अडचण डॉक्टर नसते, दारावरची पाटी असते. अक्षर न वाचता येणारी बाईसुद्धा महाराजांचा फोटो ओळखते. मग घरचे म्हणतात, इथे सगळ्याच मोठ्या आजारांचे इलाज होतात. बाई मान हलवते. ती काय समजली हे कोणी विचारत नाही. तिला पुष्कळदा सगळे कळलेले असते. मुलाला वाईट वाटू नये म्हणून ती न कळल्याचे सोंग घेते. दोघे एकमेकांना जपतात आणि दोघेही एकटे पडतात.

नागपूरची कर्करोग नोंदणी १९८० पासूनची. पण नोंदणीच्या इतिहासात बोलण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे गाव आहे बार्शी. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथे १९८७ मध्ये सुरू झाली. शहरात नोंदणीवाले रुग्णालयाच्या कागदांवरून आकडे उतरवतात. बार्शी भागातल्या खेड्यांत ते चालणार नव्हते, कारण माणसे रुग्णालयात जातच नव्हती. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, पारावर आणि ओट्यावर बसले, लक्षणे सांगितली, कोणाला असे काही आहे का विचारले. निव्वळ मोजायला निघालेल्यांना आधी बोलावे लागले, आणि त्या बोलण्याने पुढे बायका गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्याचे दिसून आले.

टाटा हॉस्पिटलने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत जो मोठा प्रयोग सुरू केला त्यातही हेच धोरण होते. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर बायका. निम्म्या वस्त्यांमध्ये, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली आणि माहिती दिली. उरलेल्यांना एकदाच माहिती. मॅमोग्राफी नाही, यंत्र नाही. वीस वर्षांचे निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले : तपासणी झालेल्या वस्त्यांत रोग आधीच्या टप्प्यावर सापडला, एकूण मृत्यूंतली घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर पुरेशी ठरली नाही, पण पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडे बाईने बाईला हात लावून पाहणे हे मॅमोग्राफीच्या यंत्राची वाट बघण्यापेक्षा जास्त कामाचे ठरू शकते, असा त्याचा अर्थ मी घेतो.

असांसर्गिक आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या सहा जिल्ह्यांत भंडारा होते. पुढे तिशीवरच्या सगळ्यांसाठी एक प्रश्नावली आली आणि ती भरायचे काम आशाताईकडे. स्तनात गाठ आहे का? बोंडातून रक्त येते का? आकार बदलला का? तीन प्रश्न, अंगणात उभ्याने विचारायचे. त्याच कागदावर तंबाखू, दारू, कमरेचे माप. सासू शेजारी तांदूळ निवडत बसलेली. अशा वेळी उत्तर ‘नाही’च येणार. म्हणून जाणत्या आशाताया हे प्रश्न अंगणात विचारतच नाहीत. विहिरीवर किंवा बचत गटाची बैठक उठल्यावर विचारतात. ही अक्कल कोणत्या प्रशिक्षण पुस्तिकेतून आलेली नाही. डॉक्टरांशी बोलण्याची रंगीत तालीम झालीच तर ती इथे होते, झाडीबोलीत.

विचारण्याची रीत चुकली की काय होते तेही पाहिले पाहिजे. २०२५ मध्ये हिंगोली जिल्ह्यात महिला दिनापासून अशीच प्रश्नावली जवळजवळ तीन लाख बायकांकडून भरून घेतली. साडेचौदा हजार बायकांनी कोणते ना कोणते लक्षण सांगितले. विधानसभेत आकडा आला आणि बातम्या झाल्या : साडेचौदा हजार महिलांमध्ये कर्करोगसदृश लक्षणे! प्रत्यक्ष तपासणीत तोवर निश्चित निघालेले रुग्ण होते बारा, त्यांत स्तनाचा कर्करोग एकीला. काम चांगलेच होते. पण मथळ्याने जिल्हाभर जी भीती पसरवली तिचे उत्तर द्यायला पुन्हा आशाताईच दारोदार. लक्षण आणि रोग यांतले अंतर समजावणे हेच तर या संभाषणातले निम्मे काम आहे. दहा गाठींतल्या बहुतेक साध्या निघतात, हे वाक्य आधी सांगितले तर बाई यायला तयार होते.

न सांगण्याला कायद्याने पहिला ठाम धक्का दिला तो दिल्लीच्या एका खटल्यात. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा, सर्वोच्च न्यायालय, १६ जानेवारी २००८. निव्वळ तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचे गर्भाशय आणि बीजकोश त्याच भुलीत काढले गेले होते; बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली होती. न्यायालयाने सांगितले की प्रौढ, शहाणी बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत असताना आईची सही चालत नाही. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. कुशनरने जे मागितले होते तेच, तीस वर्षांनी. त्याआधी चार वर्षे मराठी माणसाने हा पेच पडद्यावर पाहिला होता. ‘श्वास’मध्ये डोळ्यांच्या कर्करोगाने नजर गमावणार असलेल्या नातवाला हे सांगायचे कोणी, यावरच सगळी गोष्ट उभी आहे. सात-आठ वर्षांच्या पोराला सांगितले पाहिजे हे आपण थिएटरात डोळे पुसत मान्य केले. साठीच्या आईचे मात्र अजून ठरत नाही.

याउपर नियमपुस्तकाची गंमत अशी. त्याच २००२ च्या आचारसंहितेत कलम ७.१६ आहे : शस्त्रक्रियेआधी पती किंवा पत्नी, अज्ञान मुलाचे पालक, किंवा प्रसंगानुसार खुद्द रुग्ण यांची लेखी संमती घ्यावी. रुग्ण शेवटी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ ला नवी नियमावली काढली आणि तीन आठवड्यांत ती स्थगितही केली. कारणे वेगळीच होती, जेनेरिक औषधांवरून डॉक्टर चिडले होते. पण परिणाम हा की जुने पुस्तक पुन्हा टेबलावर. न्यायालय एक सांगते, संहिता दुसरे, आणि वॉर्डातल्या छापील फॉर्मवर दोन सह्यांच्या जागा असतात. नवऱ्याची सही, बाईचा अंगठा.

बाईशी बोलायचे तर काय बोलायचे, याची यादी पुस्तकात मिळते : रोगाचा टप्पा, संप्रेरकांचा आणि हर-टूचा रिपोर्ट, किमो आधी की ऑपरेशन आधी. ती हवीच. पण लाखांदूरच्या बाईच्या बाबतीत तेवढ्याने काहीच ठरत नाही. स्तन वाचवायचा तर शेक (किरणोपचार) लागणार, म्हणजे आठवडेच्या आठवडे रोज नागपुरात हजेरी. राहायचे कुठे, गाय कोण दोहील, सोबत कोणाची मजुरी बुडेल. सगळा स्तन काढला तर काही जणींना शेक लागत नाही. मग ती म्हणू शकते, काढाच. हा निर्णय शहरातल्या बाईपेक्षा वेगळा येईल, पण तो अडाणीपणा नसतो; हिशेब असतो. काखेतल्या गाठी किती काढणार यावर हात सुजणार की नाही हे अवलंबून, आणि हातावर रोवणी अवलंबून, विडी वळणे अवलंबून. मुलाला यातले निम्मे ठाऊक नसते. गाईचे त्याला ठाऊक असते, पण छातीकडे बघताना आईला काय वाटेल हे त्याने विचारलेले नसते, विचारणारही नाही.

जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला मात्र हे लपवणे परवडत नाही. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने योजना आली, पुढच्या वर्षी राज्यभर झाली, २०१७ पासून ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. फॉर्मवर रोगाचे नाव लिहावे लागते, बाईचा फोटो काढावा लागतो, काउंटरवरचा पोरगा मोठ्याने वाचतो. डॉक्टरांनी आत मुलासाठी जपलेले गुपित तिथे रांगेत फुटते, तेही अनोळखी माणसाच्या तोंडून. २०१८ मध्ये राज्याने टाटा हॉस्पिटलमध्ये प्रशिक्षण देऊन दहा जिल्हा रुग्णालयांत मोफत किमोची सोय जाहीर केली, त्या यादीत भंडारा होते. किमोच्या खुर्चीत बाई तासन् तास बसते आणि सलाईन लावणारी सिस्टर जवळचीच असते. पहिला मोकळा प्रश्न पुष्कळदा तिथे निघतो : ‘‘सिस्टर, हे कायचं औषध होय?’’

त्या प्रश्नाला खरे उत्तर द्यायचे की मुलाला विचारून द्यायचे, हे सिस्टरला कोणी शिकवलेले नाही. काही डॉक्टरांनी आपल्यापुरती एक रीत पाडली आहे. मुलगा दार लोटून विनंती करतो तेव्हा ते हो किंवा नाही म्हणत नाहीत. बाईला आत बोलावतात, तिला खुर्ची देतात, मुलाला तिच्या मागे उभे करतात आणि तिलाच विचारतात : तुम्हाला काय झालंय असं तुम्हाला वाटते? सगळं तुम्हाला सांगू, की यांना? काही बाया म्हणतात, त्याले सांगा, मले नोका सांगू. तोही तिचाच निर्णय असतो आणि डॉक्टर तो केसपेपरवर लिहून ठेवतात. बाकीच्या मुलाकडे न बघता म्हणतात, ‘‘मलेच सांगा.’’